परत आलेलं घोंगडं

“तुम्ही त्याला सांगणार की नाही, बाबा? एवढंच बोला.”

मल्लिनाथ कोरे उभ्या उभ्याच विचारत होता.

लालशाबाबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग समोरच्या जमिनीकडं बोट केलं.

“बस.”

“बसायला वेळ नाही. तो तिकडं खड्डा बुजवायला लागलाय.”

“बस की.”

मल्लिनाथ बसला. बसला तो असा, की आता उठलाच.

मी तिथंच होतो. मास्तरकी संपल्यापासून माझा रोज सकाळचा नेम आहे. ओढ्याकाठच्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, जायचं, बाबांना पेपर वाचून दाखवायचा आणि त्यांच्या हातचा कोरा चहा प्यायचा. बाबा फकीर. वय ऐंशीच्या पुढं. गावात कुणाचं काही अडलं की त्याचे पाय तकियाकडं वळतात. बाबा फार बोलत नाहीत. त्यामुळं येणाऱ्याला वाटतं, ते आपल्याच बाजूचे आहेत.

मल्लिनाथलाही तसंच वाटत होतं.

मल्लिनाथ आमच्या वाळेगावचा घोंगड्यांचा व्यापारी. बसस्थानकासमोर त्याचं दुकान आहे, दुकानाला काच आहे आणि काचेवर सहा वर्षांपूर्वी लावलेली पाटी. ‘घेतलेला माल कधीही परत करा. कारण विचारणार नाही.’

आमच्या बाजारपेठेत बाकी सगळीकडं ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं लाल अक्षरात लिहिलेलं असतं. त्यामुळं ही पाटी फार गाजली. तालुक्याच्या व्यापारी संघानं मल्लिनाथला शाल आणि नारळ दिला. पेपरात फोटो आला. दिलदार व्यापारी म्हणून बातमी होती, ती मीच बाबांना वाचून दाखवली होती. तेव्हा बाबा काही बोलले नव्हते.

आणि बाळाप्पा कळंत्रे म्हणजे गावातला एकमेव घोंगडं विणणारा. त्याची बायको तानूबाई. दोघंही साठीच्या पुढची. घोंगड्याचा माग खड्ड्यावर असतो. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. खड्डा बुजला की माग संपला. बाळाप्पानं तो आजच बुजवायला घेतला होता.

“तीस वर्षं त्याचा माल आम्ही घेतोय,” मल्लिनाथ म्हणाला. “आधी वडलांनी घेतला, मग मी. दुसऱ्या कुणाच्या दारात जायची पाळी येऊ दिली नाही. आणि आता हा न सांगता सवरता माग मोडतो? उपकाराची जाण म्हणून काही असते की नाही?”

बाबा चहा ढवळत होते.

“माझं ऐकत नाही तो. तुमचं ऐकेल. तुमचा शब्द तो मोडणार नाही.”

“का मोडतोय माग?”

“म्हणे परवडत नाही. मला विचारा काय परवडत नाही ते! लोक काय काय आणून टाकतात माझ्या दुकानात, ते बघा एकदा येऊन.”

आणि तो सुरूच झाला.

“एक जण जागरणासाठी घोंगडं घेऊन गेला. रात्रभर त्याच्यावर भंडारा उधळला. सोमवारी पिवळंधमक करून परत. म्हणे टोचतं! मी काय बोललो? काही नाही. घेतलं.”

“हं.”

“एक साहेब आले. कंबर धरली होती. घोंगड्यावर झोपलं की बरं वाटतं, असं कुणीतरी सांगितलं. तीन महिने झोपले. कंबर सुटली. आता गरज नाही म्हणून परत! बरं वाटलं म्हणून औषधाची रिकामी बाटली कुणी दुकानदाराला परत देतं का हो बाबा? पण घेतलं.”

“घेतलंस.”

“अजून ऐका. एकानं शेळीला घातलं. शेळी व्यायली त्याच्यावर. तसंच उचलून आणलं आणि काउंटरवर टाकलं. वास म्हणजे काय सांगू! आणि वर मलाच पाटीकडं बोट दाखवतो.”

“तेही घेतलंस?”

“घेतलं!”

शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज असा चढला की झाडावरचे कावळे उडाले.

मला हसू येत होतं, ते मी पेपराआड लपवलं. खरं तर मला हसायचा काही अधिकार नव्हता. गेल्या शिमग्याला मीही एक घोंगडं परत केलं होतं. थंडी संपली होती, घरात ठेवायला जागा नव्हती, एवढंच. दुकानात कुणी कारण विचारलं नाही. तरी मी आपण होऊन सांगितलं, की टोचतं. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस मी. आता आठवलं की माझं मलाच शरमल्यासारखं होतं.

“एवढा त्रास आहे,” बाबा म्हणाले, “तर पाटी ठेवतोस कशाला?”

“दुकान चालतं ना तिच्यावर! पाटी बघून माणूस आत येतो. फसणार नाही अशी त्याला खात्री वाटते. एक परत येतं, पण तीन खपतात.”

“म्हणजे तुझं बरं चाललंय.”

“तुमच्या आशीर्वादानं.”

“आणि बाळाप्पाचं?”

...

मल्लिनाथनं घड्याळ पाहिलं.

बाबा जरा वर उठले आणि त्यांनी बसायचं घोंगडं अंगाखालून ओढून काढलं. काळं, जुनं, कडा विरलेल्या. ते त्यांनी मल्लिनाथच्या मांडीवर ठेवलं.

“हे तुझ्याच दुकानातलं. तुझे वडील गल्ल्यावर बसायचे, तेव्हाचं. परत घेशील?”

“तुमचं? अहो, आत्ता घेतो. बदल्यात कोरं देतो.”

“कारण नाही विचारत?”

“आम्ही कुणालाच विचारत नाही, बाबा.” तो छाती पुढं काढून म्हणाला.

“मग हे कुठं जाईल?”

“हे? बाळाप्पाकडं.”

“त्याच्याकडं कशाला?”

“धुवायला. आधी धुवायचं, मग चिंचोक्याची खळ चढवायची, उन्हात वाळवायचं. कडक होतं. अगदी नव्यासारखं. की पुन्हा काचेत.”

“नवं म्हणून?”

“... नव्यासारखं म्हणून.”

“गिऱ्हाइकाला तसं सांगतोस?”

मल्लिनाथनं शर्टाची कॉलर सारखी केली. एरवी बोलायला तो कमी नाही.

“धुण्याचं बाळाप्पाला काय देतोस?”

“धुण्याचं कसलं? त्याचाच माल आहे की. परत आला म्हणजे त्याचंच काहीतरी कमी पडलं असणार. त्यानंच निस्तरायचं.”

“शेळी व्यायली, त्यात त्याचं काय कमी पडलं?”

मल्लिनाथनं पुन्हा घड्याळ पाहिलं.

“आणि विणल्याचं कधी देतोस?”

“विकलं की देतो.”

“आणि विकलेलं परत आलं तर?”

“तर मग ते विकलंच गेलं नाही ना, बाबा,” मल्लिनाथ समजावणीच्या सुरात म्हणाला. “पुढच्या घोंगड्यात वळतं करून घेतो.”

हे तो इतकं सहज बोलला की माझ्या अंगाची लाही लाही झाली. शाल पांघरली ह्यानं, नारळ घेतला ह्यानं, फोटो ह्याचा, आणि शेळीची घाण धुवायची कुणी, तर बाळाप्पाच्या म्हाताऱ्या बायकोनं! आणि वर ह्यालाच उपकार! मी पेपराची घडी जरा जोरानंच घातली. बाबांनी माझ्याकडं एक नजर टाकली.

“चल,” बाबा उठले.

“सांगणार ना त्याला?”

“चल तर.”

घोंगडं मल्लिनाथच्या मांडीवरच होतं. ते तो खाली ठेवायला लागला, तर बाबांनी ते उचलून त्याच्या खांद्यावर टाकलं. पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टावर.

“हे असू दे.”

आम्ही तिघं निघालो. बाबा पुढं, मध्ये मल्लिनाथ, मागं मी. चैत्राचं ऊन होतं. वाटेत दोघातिघांनी मल्लिनाथला नमस्कार केला आणि त्याच्या खांद्यावरचं घोंगडं बघून विचारलं, कुणी परत केलं म्हणून. त्यानं कुणालाच उत्तर दिलं नाही.

बाळाप्पाचं घर सनगर गल्लीच्या टोकाला. दारात पोचलो. मागाची लाकडं सोडून भिंतीला लावली होती. ओसरीत खड्डा उघडा पडला होता आणि काठावर मातीचा ढीग. बाळाप्पा फावड्यानं ती माती आत ओढत होता. खड्डा गुडघाभर बुजलाही होता.

अंगणात तानूबाई दगडी कुंडीत एक घोंगडं तुडवत होती. बाजूला धुवायच्या घोंगड्यांची चळत. चुलीवर खळ रटरटत होती.

बाबांना बघून बाळाप्पानं फावडं टाकलं. हात कमरेला पुसत पुढं आला, पाया पडला. आणि मग त्याला मल्लिनाथच्या खांद्यावरचं घोंगडं दिसलं.

त्याचं तोंड एवढंसं झालं.

“ह्ये बी आलं व्हय?”

त्यानं बाबांकडं पाहिलं.

“बाबा... टोचत हुतं व्हय तुमास्नी? येवढी वर्सं अंगाखाली घेऊन बसलासा आन मला येका शबदानं बोलला न्हाईसा? माझ्या आबानं इनलेलं हाय त्ये. मी तवा निस्ता सुताच्या कांड्या भरत हुतो. त्येनं काय चुकवलं असंल तर मी...”

“नाही रे,” बाबा म्हणाले. “ह्याला जरा ओझं वाहायला दिलंय.”

बाळाप्पाला त्यातलं काय कळलं ठाऊक नाही. पण त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

मल्लिनाथनं सूत्रं हाती घेतली. “हे बघ बाळाप्पा, बाबा स्वतः आलेत. एवढ्या उन्हाचे आलेत. आता हा पोरखेळ बंद कर. लाकडं पुन्हा चढव. यात्रा तोंडावर आली आहे.”

“माग बंद झालाय, शेठ.”

“आणि ही घोंगडी?”

“ती मातूर देऊन मोकळं हुणार,” कुंडीतून तानूबाई बोलली. “हाती घेतल्यालं काम हाय. धुतो, खळ चढिवतो, तुमच्या दारात आणून टाकतो. चौदा हाईत. मग तुमी सुटला आन आमी बी.”

“अगं, पण असं काय झालं?”

तानूबाई कुंडीतून बाहेर आली. तुडवत होती ते घोंगडं तिनं पाण्यातून ओढून काढलं आणि एक कोपरा मल्लिनाथसमोर धरला. कडेला लाल दोऱ्याच्या गाठी होत्या. एकाखाली एक.

“मोजा.”

मल्लिनाथनं मोजल्या नाहीत. मी मोजल्या. पाच होत्या.

“दर धुन्याला म्या येक गाठ मारती. ह्ये पाचव्यांदा आलंय. पाच गिऱ्हाइकं झाली ह्येची. पाचीबी काय म्हनाली?”

“टोचतं म्हणाली,” मल्लिनाथ म्हणाला.

“टोचतंच की! खोटं न्हाई त्यात. नवं घोंगडं टोचतंच. खळ असती त्येच्यात. येक हिवाळा अंगावर घेतलं, दोनदा दंव खाल्लं, की खळ जाती. मऊ हुतं. मग वीस-वीस वर्सं मानूस त्येला सोडत न्हाई. पर तुमचं गिऱ्हाईक करतं काय, हिवाळाभर घेतं आन मऊ व्हायला लागलं की आणून टाकतं. तुमी आमाला सांगता, खळ चढवा. खळ चढिवली की ते पुन्ना टोचतं. मग दुसरा आणतो, टोचतं म्हनून. तिसरा आणतो. शेठ, ह्या घोंगड्याला तुमी मऊच हू देत न्हाईसा.”

“मग खळ नका चढवू,” मल्लिनाथ म्हणाला.

“मग नवं म्हनून कसं इकनार?”

...

तिचे हात मी तेव्हा पाहिले. धुण्याच्या सोड्यानं बोटांची कातडी फुटली होती आणि भेगांत खळ वाळून पांढरी झाली होती. चळतीत मधेच एक तपकिरी पट्ट्याचं घोंगडं होतं. माझं तपकिरी पट्ट्याचंच होतं. ते तेच की दुसरं, हे बघायचं धाडस मला झालं नाही.

“मला भांडायचं न्हाई, शेठ,” बाळाप्पा हळूच म्हणाला. “तीस वर्सांत भांडलो न्हाई. येकच इचारायचं हुतं. इचारू?”

“विचार की.”

“माझं घोंगडं इकलं गेलं, असं म्या कवा म्हनायचं?”

“म्हणजे?”

“म्हंजी येक म्हैन्यानं म्हनायचं? वर्सानं? परवा तुमी आणून टाकल्यालं येक घोंगडं म्या साडेतीन वर्सामागं इनलं हुतं. साडेतीन वर्सं मला वाटलं, इकलं गेलं. तुमच्या पाटीवर काय मुदत न्हाई. ती पाटी लागल्यापातूर माझं येकबी घोंगडं पक्कं इकलंय, असं मला म्हनता येत न्हाई. सगळी बाहेर फिराय गेल्याती आन कवाबी दारात यील. मग म्या इनतोय कशाला? परत याया?”

बाळाप्पा चिडला नव्हता. खरंच विचारत होता. त्यामुळं ते ऐकवत नव्हतं.

मल्लिनाथ मात्र लालबुंद झाला.

“म्हणजे सगळा दोष माझा? लोक इतके नालायक निघाले, त्याला मी काय करू? मी चांगलं वागायला गेलो, ही माझी चूक? सगळा तालुका मला नावाजतो आणि तुम्ही दोघं मला आरोपीसारखं उभं करता?” तो बाबांकडं वळला. “बाबा, आता तरी बोला. ह्यासाठीच आणलंय तुम्हाला. सांगा त्याला.”

बाबा पुढं झाले.

मल्लिनाथनं सुस्कारा सोडला. आता होईल सगळं नीट, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

बाबा ओसरीवर चढले. कडेचं घमेलं घेतलं. खाली वाकून दोन्ही हातांनी त्यात माती भरली. उचललं... आणि खड्ड्यात ओतलं.

“बाबा! अहो, काय करताय?”

“हात लावतोय. एकट्यानं त्याला संध्याकाळ होईल.”

“अहो, पण तुम्हाला मी थांबवायला आणलं!”

बाबांनी दुसरं घमेलं भरायला घेतलं. ऐंशी वर्षांचे हात. दम लागत होता, पण थांबत नव्हते.

बाळाप्पा मटकन पायरीवर बसला. बाबांना अडवायची त्याची छाती नव्हती आणि बघवतही नव्हतं. त्याच्या आबाचे पाय त्या खड्ड्यात घासले होते, त्याचे घासले होते. ती जागा आता डोळ्यांदेखत भरत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. पण ‘राहू द्या’ असं एकदाही म्हणाला नाही.

“थांबा!” मल्लिनाथ ओसरीवर धावला. “थांबवा हे. ही चौदाच्या चौदा मी अशीच उचलतो. ह्यांना धुवायला लावत नाही. मी परत घेतो सगळं. माती टाकू नका.”

“कारण सांग,” बाबा म्हणाले.

“काय?”

“का थांबू, त्याचं कारण सांग.”

“कारण... कारण यात्रा आठ दिवसांवर आली आहे. दुकानात माल नाही.”

बाबांनी घमेलं ओतलं.

“बरं, तसं नाही. ही कला आहे, बाबा. पिढ्यानपिढ्या चालत आलेली. गावाचं भूषण आहे. ती टिकवणं आपलं सगळ्यांचं...”

पुढचं घमेलं बाबांनी काठोकाठ भरलं.

आता मात्र मलाही राहवेना. गावाचं भूषण म्हणे! जिच्या हाताला भेगा पडल्या तिला गेली सहा वर्षं ह्यानं पायपुसण्यासारखं वापरलं आणि आता भूषण! पेपर पायरीवर ठेवून मी ओसरीवर चढलो आणि बाबांच्या हातून घमेलं घेतलं. ते जड होतं. ते खड्ड्यात ओतताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ओतलं.

“मास्तर, तुम्हीसुद्धा?”

“कारण सांगा, शेठ,” मी म्हणालो.

“लोक काय म्हणतील? मल्लिनाथ कोरेनं शेवटचा माग बुडवला, असंच पेपरात येईल ना? माझं नाव...”

बाबांनी हातातली मूठभर मातीही आत टाकली.

...

खड्डा आता अर्ध्याच्या वर भरला होता. मल्लिनाथला काय करावं सुचेना. खांद्यावरचं बाबांचं घोंगडं घसरत होतं, ते सावरायला म्हणून त्यानं हात लावला. हात तिथंच राहिला. बोटं त्या लोकरीतून फिरली. एकदा, दोनदा. त्यानं घोंगडं खांद्यावरून ओढलं आणि गालाशी नेलं.

जन्म घोंगड्यांच्या दुकानात गेलेला माणूस. पण मऊ पडलेलं घोंगडं त्यानं कधी नीट हातात धरलं नसावं. दुकानात सगळी कडकच असतात.

“हे इतकं मऊ कसं?” त्यानं विचारलं. व्यापाऱ्यासारखं नाही. एखाद्या पोरानं विचारावं, तसं.

“परत न्हाई केलं म्हनून,” तानूबाई म्हणाली.

मल्लिनाथनं तिच्याकडं पाहिलं. तोंडाकडं नाही, हातांकडं. मला वाटतं, सहा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

चुलीवरची खळ खाली लागायला लागली. तिचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

“बाई...” मल्लिनाथ म्हणाला. “माझं चुकलं. मी लोकांपुढं चांगला झालो आणि त्याची झळ तुम्ही सोसली. हे मला कळत नव्हतं असंही नाही. कळत होतं. मी तिकडं बघत नव्हतो.”

बाबा काठावर टेकले. घमेलं खाली ठेवलं.

“मग?” तानूबाईनं विचारलं.

“आजपासून परत आलेलं घोंगडं माझ्या अंगावर. तुमच्या दारात येणार नाही. माझ्या घरी धुईन, नाहीतर तसंच ठेवीन. खळ चढवणार नाही. जुनं ते जुनं म्हणून विकायचं, मऊ आहे असं सांगून. आणि विणल्याचं विणल्या दिवशी तुमच्या हातात. पुढं ते परत येवो नाहीतर चोरीला जावो.”

तानूबाई नवऱ्याकडं बघत राहिली. बाळाप्पानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

“गेलेल्या सहा वर्षांचं काय?” मी विचारलं. मास्तरकीची सवय.

“तेही बसून बघतो. बाळाप्पा सांगेल ते.”

“खरं ह्ये?” बाळाप्पानं विचारलं.

“बाबांसमोर सांगतोय.”

बाळाप्पा उठला. भिंतीला लावलेल्या लाकडांपाशी गेला आणि त्यांतल्या एकावर हात ठेवून नुसताच उभा राहिला. मग तानूबाईकडं पाहून त्यानं मान हलवली. तिनं चुलीवरचं भांडं खाली उतरवलं आणि त्यातली खळ अंगणाच्या कडेला पालथी केली.

हे बघून मल्लिनाथच्या अंगात पुन्हा हुशारी आली. त्यानं बाह्या सारख्या केल्या, खिशातून फोन काढला. आवाजही पहिल्यासारखा खणखणीत झाला.

“झालं तर मग! आणि हा खड्डा... ह्याची काही काळजी करू नका. उद्या सकाळी दोन गडी पाठवतो. तासाभरात सगळी माती काढून जागा साफ करून देतील.”

त्यानं फोन कानाला लावला.

बाबा उठले. मल्लिनाथच्या हातातलं आपलं घोंगडं काढून घेतलं, झटकलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. मग रिकामं घमेलं उचलून त्याच्या हातात दिलं.

“गडी नकोत. तू उतर.”